तुला न वाचून दाखवलेली ओळ

ताई, तुझ्या पिंडाला कावळा शिवला नाही. तू तिथे असतीस तर हसली असतीस. म्हणाली असतीस, "त्याला बी भाताच्या लावणीला जायचं आसंल." पण नदीकाठी कुणी हसत नव्हतं. सगळे छत्र्या मिटून, ओल्या चिखलात पाय रोवून वर जांभळाच्या झाडाकडे बघत होते. झाडावर दोन कावळे होते. दोघांनाही खाली यायचं नव्हतं.

मग लोकांनी तुला वचनं द्यायला सुरुवात केली. दाजी म्हणाले, "मंदा, प्राचीला पायजे तितकं शिकवीन." कावळा हलला नाही. "म्हस इकणार न्हाई." नाही. कुणीतरी म्हणालं, ओमच्या नावानं शाळेत खाऊ वाटू. तेव्हा एक कावळा फांदीवरून फांदीवर गेला आणि सगळे एक पाऊल पुढे सरकले, पण तो परत होता तिथे येऊन बसला. मग तुझ्या शेजारच्या काकू माझ्याकडे वळल्या. "सायले, तू बोल बाय. तिचा तुज्यावर लई जीव हुता. काय अडकलंय ते तुलाच ठावं आसंल."

तीस-चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. तुला माहीत आहे माझं काय होतं ते. मी पायांकडे बघत राहिले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि सगळे घरी निघाले. 

कावळ्यावर माझा विश्वास नाही. त्या सकाळी त्याच घाटावर आधी दोन घरची पानं मांडून झाली होती, त्यांची पोटं भरलेली असणार. हे मी तेव्हाही स्वतःला सांगितलं, आजही सांगते. पण काकूंचं खरं होतं. काहीतरी अडकलेलं होतं आणि ते मला ठाऊक होतं. तुला ते माहीत नव्हतं, त्यामुळे तुझा जीव त्यात अडकण्याचा प्रश्नच नव्हता. अडकला होता माझा.

मी काम करते त्या पुण्याच्या टेस्ट-ट्यूब बेबीच्या दवाखान्यात, द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत, तुझे आणि दाजींचे तीन भ्रूण आहेत. तू गेलीस तर त्यांचं काय करायचं, असा प्रश्न तुझ्या फॉर्मवर आहे. त्या प्रश्नासमोरची खूण तू केलेली नाहीस. मी केली आहे, तुला न विचारता.

हे मी मराठीत लिहिते आहे. तू म्हणायचीस, माझं मराठी म्हणजे पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबश्या, वापर कमी आणि जपणं फार. भोरला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हापासून तू मला 'मिस' म्हणायला लागलीस. मे महिन्यात मी गडाच्या पायथ्याला, पालीला तुझ्याकडे यायचे. सगळे मला बोलतं करायला बघायचे, इंग्रजीत कविता म्हण म्हणायचे. तू मात्र माझ्या हातात सोलायच्या शेंगांचं सूप द्यायचीस आणि सांगायचीस, "बोलू नगंस. नुसती बस." मी बसायचे. तू भाकऱ्या थापताना एकटीच दोघींचं बोलायचीस. मी काय म्हणाले असते, ते तूच बोलून दाखवायचीस आणि त्याला उत्तरही तूच द्यायचीस. बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. मला वाटतं, तिथेच मला सवय लागली, की माझ्या वतीनं कुणीतरी बोलेल. आणि मग उलटंही: तुझ्या वतीनं मी ठरवलं तर चालेल.

ओमला साप चावला तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्याबद्दल मी लिहिणार नाही. तूही कधी त्या दिवसाबद्दल बोलली नाहीस. तू बोलायचीस ते ऑपरेशनबद्दल. ओम झाल्यावर लगेच तू ऑपरेशन करून घेतलं होतंस, एक पोरगी, एक पोरगा, झालं. "म्या शानपणा केला," म्हणायचीस. "दार लावलं आन् चावी हिरीत टाकली."

तो गेल्यावर वर्षभरानं मी आले होते. रविवार होता. गडावर जाणाऱ्या पोरांना पिठलं-भाकरी वाढून तू मोकळी झाली होतीस. प्राची भांडी घासत होती. तू मला आतल्या खोलीत नेलंस आणि हळदी-कुंकवाची जुनी पितळी डबी उघडलीस. आत कुंकू नव्हतं. बारीक केसांची एक बट होती, दोऱ्यानं बांधलेली.

"जावळ हाय त्याचं. सगळं नदीला सोडलं, येवढं ठिवलं हुतं मागं. कुणाला ठावं न्हाई."

तू बोटानं ती बट जरा सरळ केलीस.

"तू त्या लॅबमधी हायेस. ह्याच्यातनं त्यो परत करता येतोय का?"

तू कुठेतरी मोबाईलवर बघितलं होतंस. मेंढीची केली, म्हशीची केली, मग माणसाची का नाही. तू वेडी झाली नव्हतीस. हिशेबानं, शांतपणे विचारत होतीस, बियाणं कुठं मिळेल असं विचारावं तसं. आणि मी तुला काय उत्तर दिलं? वर्गात बाईंनी प्रश्न विचारल्यावर द्यावं तसं. म्हणाले, "ताई, कापलेल्या केसातून नाही होत. जिवंत पेशी लागते."

तुझा चेहरा बदलला ते मी बघितलं. तू डबीचं झाकण लावलंस आणि म्हणालीस, "मंग तवाच घ्याया पायजे हुती का गं? त्यो हुता तवा?"

मी चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं होतं. त्यानंतर मी घाईघाईनं खूप बोलले, एरवी वर्षभरात बोलत नाही इतकं. कायद्यानं माणसाच्या बाबतीत हे करता येत नाही. प्राण्यांत करतात त्यातही कितीतरी गर्भ वाया जातात, कितीतरी आजारी जन्मतात, आणि माणसाच्या लेकरावर असा प्रयोग कुणी करू नये. आणि समजा जमलंच, तरी तो ओम नसेल. उशिरा जन्मलेलं जुळं भावंड असेल.

"जुळं तर जुळं. तोंड तर त्याचंच आसंल."

"तोंड त्याचं असेल. पण तू त्या पोराकडे बघून दुसऱ्यालाच शोधशील. त्याला आंबा आवडला नाही तर म्हणशील, ओमला आवडायचा. त्या पोरानं काय करायचं?"

"तुला लेकरू न्हाई, सायले. तुला काय कळतंय."

बाहेर भांडी घासण्याचा आवाज थांबला होता. मला वाटतं, कधीपासूनच थांबला होता. तुझ्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, आणि मी ते तुला सांगितलं नाही.

त्यानंतर चार-पाच महिने आपण बोललो नाही. मग एक दिवस तूच फोन केलास. ना हॅलो, ना कशी आहेस. "केळीचं पिल्लू म्हंजी केळीची कॉपीच ना? तू म्हनली हुतीस एकदा." मी हो म्हटलं. "मंग ऐक. एकाच कंदाची दोन पिल्लं लावली म्या. एक मोरीच्या पान्यावर, एक वरच्या बांधाला. मोरीवरली हत्तीच्या पायागत झालीया. बांधावरली बग येऊन, उदबत्तीची काडी. ह्ये सारकं हाय व्हय?"

मला वाटलं, तू माझी बाजू मान्य केलीस. म्हणाले, "तेच तर सांगत होते."

"तू काय सांगत हुतीस? तू तर पेशी पेशी करत हुतीस." आणि मग, जरा वेळानं, "आपलंच नवं लेकरू व्हईल का, ह्या वयात? तुमच्याकडं?"

असं तू आमच्याकडे आलीस. चाळिशीला टेकलेली. पालीहून पहाटेची एसटी धरून, दाजी बाजूला पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. मी वशिला लावला असं तुला वाटायचं. मी फक्त तुझा हात धरून रांगेत बसायचे. भ्रूण पोटात सोडायच्या दिवशी डॉक्टर मॅडमनी तुला पडद्यावर दाखवलं. पाच दिवसांचा भ्रूण, मोठा करून. तू म्हणालीस, "भिजल्याला साबुदाना," आणि मॅडम हसल्या. मग माझ्या कानात, "पोरगा हाय का त्यो?" मी म्हणाले, ते आम्ही बघत नाही, बघायचं नसतं. तू म्हणालीस, "तुमी लई काय काय बगत न्हाई."

पाच झाले होते. दोन सोडले, ते टिकले नाहीत. तीन गोठवून ठेवले.

आता त्या फॉर्मबद्दल. तो सोडायच्या आधीच्या आठवड्यातला. आमच्याकडे समुपदेशक बाई असतात, त्या जोडप्याला समोर बसवून प्रत्येक ओळ वाचून समजावतात. मराठी फॉर्मही असतो. त्या दिवशी तू त्या बाईंना म्हणालीस, "आमची मिस हाय की घरची. तीच वाचंल. तुमी कशाला तरास घेता." बाहेर पाच जोडपी थांबलेली होती, बाई खूश झाल्या. घरच्या माणसाचा फॉर्म घरच्या माणसानं भरू नये, हे मला माहीत होतं. सगळ्यांना माहीत असतं. पण आपल्याकडे तलाठ्यापासून दवाखान्यापर्यंत आपलं माणूस शोधायचं आणि ते सापडलं की डोळे मिटून सही करायची, हीच रीत. आणि 'आपलं माणूस' म्हणून निवडलं गेल्याचं मलाही बरं वाटलं, हे खोटं नाही.

मी हाताशी होता तो इंग्रजी फॉर्म घेतला आणि एकेक ओळ मराठीत सांगत गेले. उरलेल्यांचं काय, ही ओळ आली तेव्हा आपला वाद झाला, आठवतंय? तीन रकाने. ठेवून द्यायचे, नष्ट होऊ द्यायचे, किंवा संशोधनाला द्यायचे.

"संशोधन म्हंजी काय करनार?"

मी म्हणाले, वाढवून बघतात, पेशी कशा वेगळ्या होतात, आजार कुठून येतात. पुढे बायकांचे गर्भ का टिकत नाहीत हे त्यातूनच कळेल. चौदा दिवसांच्या पुढे वाढवत नाहीत.

"चौदाच का?"

"त्याच सुमारास पाठीचा कणा जिथे व्हायचा तिथे पहिली रेघ उमटते. त्याआधी त्याला काही जाणवायचा प्रश्नच नाही."

दाजी पिशवीचे बंद चाळवत होते. तू विचार केलास. "आमच्यात बाराव्या दिशी नाव ठिवत्यात. तुमच्यात चौदाव्या दिशी मानूस म्हंत्यात. दिवस मानसंच ठरवत्यात मंग. त्यो जीव काय सांगत न्हाई, आज माजा वाढदिवस म्हनून."

"कुठेतरी रेघ मारावी लागते, ताई."

"मार की. पर तुज्या हातानं मारलीया म्हनावं. त्याच्या पाठीत उमटली म्हनू नगं."

 चार वर्षं शिकून, त्याच कामात राहून मला हे कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.  तरी मी संशोधनाच्याच बाजूची आहे. तुझे दोन का टिकले नाहीत, याचं खरं उत्तर आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही, आणि ते कुणाच्या तरी उरलेल्या भ्रूणांशिवाय कळणारही नाही. हे मी त्या दिवशीही म्हणाले. तेव्हा तू ते रोपाचं सांगितलंस.

लावणी संपल्यावर रोप उरतं. कुणाचं दोन जुड्या, कुणाचं दहा. ते कुणी विकत नाही, कुणी जनावरांपुढे टाकत नाही. जुड्या बांधावर उभ्या ठेवायच्या. ज्याचं खाचर अपुरं राहिलं असेल तो येऊन नेतो. मी तुला डिवचायला म्हणाले, "आणि कुणीच नेल्या नाहीत तर?"

"मंग वाळत्यात. वाळू द्यायच्या. आपुन तुडवायच्या न्हाईत."

"आणि बघायला कुणी मागितल्या? तपासायला?"

"आल्ता की कृषीवाला, मागल्या साली. पानाला कसलं ठिपकं आलं त्ये बगाया. म्या दिली त्याला जुडी." मग बोट वर करून, मला शिकवल्यासारखं, "इचारून नेली त्यानं. बांधावरली हाय म्हनून उचलून न्हाई नेली."

मी 'ठेवून द्यायचे' या रकान्यात खूण केली आणि तू समाधानानं मान हलवलीस. ती खूण तुझी. तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

पुढची ओळ होती: दोघांपैकी एकाचा मृत्यू झाल्यास.

ती मी वाचली नाही. तू माझ्यासमोर बसली होतीस, नवी साडी नेसून, केसांत अबोलीची वेणी, आठवड्यानं तुझ्या पोटात भ्रूण सोडायचे होते. एक पोर गेलेल्या बाईला मी विचारायचं, तू मेलीस तर? माझी जीभ उचलली नाही. मी स्वतःला सांगितलं, अशुभ कशाला, ही ओळ नुसती कागदाला लागते. आणि माझ्या हातानं 'संशोधनाला द्यायचे' या रकान्यात खूण केली, कारण वाद मी हरले होते आणि मला अजूनही वाटत होतं की माझंच बरोबर आहे. दोन्ही कारणं खरी आहेत. पहिलं सांगायला सोपं, म्हणून मी दोन वर्षं स्वतःला तेवढंच सांगत आले. मग तू सही केलीस, एकेक अक्षर जुळवत. दाजींनी केली. तू म्हणालीस, "झालं का, मिस?" मी म्हणाले, झालं.

'इचारून नेली' म्हणत तू मला बोट वर करून दाखवलंस त्याला पाच मिनिटंही झाली नव्हती.

आणि मग या श्रावणात तुला ताप आला. लावणी उरकतानाचा ताप, तू क्रोसीन घेऊन कामाला गेलीस. डोळे पिवळे झाले तेव्हा पुण्याला आणलं. सहा दिवस. चौथ्या दिवशी तू मला ओळखलंस, म्हणालीस, "सायले, रोप उरलंय वरच्या बांधाला. सांग कुनाला तरी." मी सांगते म्हटलं. सांगितलं नाही. कुणाला सांगायचं होतं? सगळे तर दवाखान्यात होते.

दहाव्यानंतर मी दोन दिवस पालीला राहिले. आतल्या खोलीत प्राची कपाट आवरत होती. ती आता सतरा वर्षांची आहे, माझ्याहून उंच. ती पितळी डबी फडताळावर होती. मी न राहवून उघडली. आत कुंकू होतं. नेहमीचं कुंकू, काठोकाठ.

प्राचीनं माझ्याकडे बघितलं. "जावळ बघतीस? ते आईनं सोडलं पाण्याला. मी होते सोबत."

मी विचारलं, कधी.

"तुमच्या दवाखान्यातून परत बोलावत होते ना दुसऱ्यांदा, तेव्हा. मी विचारलं तिला, का जात नाहीस. तर म्हणाली, म्या ओमला बोलवत हुते, त्या लेकराला न्हाई. ज्याला बोलवायचं त्याच्याच नावानं बोलवावं. तुझी सायलीमावशी खरं बोलत हुती, म्हणाली. फक्त तिला सांगू नगं, लई शेफारंल."

मी हसले आणि मग मला हसू आवरेना आणि मग ते हसू राहिलं नाही. प्राची माझ्या शेजारी खाली बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "मी पण ऐकलं होतं, मावशी. तेव्हा, भांडी घासताना. मला वाटायचं, मी पुरत नाही तिला." मी म्हणाले, मला माहीत होतं तू ऐकतेस. ती म्हणाली, "मग बोलली का नाहीस?"

तुझी पोरगी आहे. मोजकं बोलते आणि नेमकं.

ताई, तू मला वाद जिंकू दिलास आणि ते मला कळू दिलं नाहीस. मी तुझ्याशी वाद हरले आणि तुला कळू न देता कागदावर जिंकून घेतला. हे मला झोपू देत नाही, बसू देत नाही. 

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी वरच्या खाचरात गेले तेव्हा मी मागोमाग गेले. बांधावर तुझ्या जुड्या होत्या. सात. पिवळ्या पडून आडव्या झालेल्या, पण तू बांधलेल्या गाठी तशाच. दाजी म्हणाले, "लोकांस्नी वाटलं, सुतकातलं कसं न्यावं." मग म्हणाले, "तुमच्या दवाखान्यातनं फोन आल्ता. तीन हायेत म्हनं. कागदावर तिनं काय लिव्हलंय, त्याच्यापरमानं करू म्हनलं. काय लिव्हलं हुतं गं तिनं? मला काय आठवंना."

तो क्षण होता. मी 'संशोधन' म्हणाले असते तर ते मान डोलावून 'बरं' म्हणाले असते. तुझी इच्छा म्हणून त्यांनी ती डोक्याला लावली असती. आणि माझ्या मते तीन भ्रूण चांगल्या कामाला गेले असते.

मी म्हणाले, "दाजी, तिनं काहीच लिहिलं नाही. ती ओळ मी वाचलीच नाही तुम्हाला. खूण माझी आहे."

त्यांनी कुदळ खाली ठेवली. खाली खाचरात बघितलं, तू लावलेल्या ओळींकडे. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"का न्हाई वाचलीस?"

"लाज वाटली. भीती वाटली." आणि मग, कारण अर्धंच सांगायची मला शिसारी आली होती, "आणि मला माझं खरं करायचं होतं."

"वाचली आसतीस तर काय म्हनली आसती ती?"

"माहीत नाही."

"मलाबी न्हाई." त्यांनी एक जुडी उचलली, झटकली, पुन्हा होती तिथेच उभी करून ठेवली. ती पडली. पुन्हा उभी केली, बाजूला दगड लावला. "मंग त्ये तसंच लिव्हून दे तुज्या मॅडमला. तिचं काय म्हननं हुतं त्ये ठावं न्हाई म्हनून. वरीस होऊ दे तिचं. मंग म्या आन् प्राची बसतो. तू बी ये." जरा थांबून म्हणाले, "ह्या टायमाला समदं वाच."

मी लिहून दिलं. मॅडमनी वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "याचा अर्थ कळतोय ना तुला?" मी हो म्हटलं. संमतीच्या कामातून मला काढलं आहे. पुढे काय होईल ते अजून ठरलेलं नाही. तुझी फाइल वेगळी ठेवली आहे, वर लाल चिठ्ठी. टाकीचं काम मात्र माझ्याकडे राहिलं. दर सोमवारी झाकण उघडून, पट्टी बुडवून नायट्रोजन किती उरलाय ते बघायचं आणि कमी असेल तितका भरायचा. पांढरी वाफ वर येते, काही दिसत नाही. तुझे तीन कुठल्या नळीत आहेत, ते मला पाठ आहे. मी त्यांना ओम म्हणत नाही. त्यांना काहीच नाव नाही. माणसं म्हणावं की नाही, हेही मला या आठवड्यात एक वाटतं आणि पुढच्या आठवड्यात दुसरं. संशोधन व्हावं असं मला अजूनही वाटतं. पण कुणाचं तरी उचलून नाही.

तेव्हा हातात न घेतलेल्या मराठी फॉर्मची एक कोरी प्रत मी घरी आणली आहे. समोर ठेवली आहे. शाळेत मोठ्यानं वाचायची वेळ आली की मी बाकाखाली लपायचे, तुला माहीत आहे. आता खोलीत कुणी नाही, मोठ्यानं वाचते. ओळ अशी आहे, ताई:

दोघांपैकी एकाचा मृत्यू झाल्यास उरलेल्या भ्रूणांचे काय करावे, अशी आपली इच्छा आहे?

खाली तीन रकाने आहेत. मी पेनाला टोपण लावलं आहे.